दद्रू, त्वचेतील पहारेकरी पेशी आणि मलमे

चरकांनी दद्रूस क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुतांनी महाकुष्ठांत गणले. देवळाली कॅम्पच्या पावसाळ्यात नायट्याचे जुनाट रुग्ण पाहताना आम्हांस सुश्रुतांचे मत अधिक पटते. व्याधी चिवट होण्याचे एक कारण मात्र औषधाच्या दुकानातच आहे.

बाह्यत्वचेत शाखायुक्त पेशींचे जाळे असते. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील विद्यार्थ्याने त्या प्रथम वर्णिल्या. त्यास त्या चेतापेशी वाटल्या. वस्तुतः या पेशी जंतूंचे व बुरशीचे अंश टिपून लसीकाग्रंथींत नेतात आणि टी-पेशींना त्यांची ओळख पटवितात. टी-पेशी त्वचेत उतरल्या की लाली व कंडू उत्पन्न होतात. अर्थात ही लक्षणे बव्हंशी प्रतिकाराचीच होत. स्टेरॉइडयुक्त मलम नेमका हाच प्रतिकार दडपते. कंडू शमतो, रुग्ण संतुष्ट होतो, बुरशी मात्र निर्वेध पसरते. मंडलाची उठावदार कडा पुसट होऊन निदानही चुकते.

२०१८ च्या दुरुस्तीने अशी अनेक मलमे शेड्यूल एचच्या कक्षेत आली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देऊ नयेत, गिऱ्हाईक रुसले तरी. वैद्यांनी रुग्णास आधीची ट्यूब आणावयास सांगावी. दीर्घकाळ लावलेले मलम थांबविल्यावर लाली काही काळ उसळते. तो आपल्या लेपाचा दोष समजून चिकित्सा बदलू नये.