सिल्व्हर फॅक्टरी

सिल्व्हर फॅक्टरी (चंदेरी कारखाना) हा अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल याचा न्यूयॉर्क शहरातील स्टुडिओ होता. मॅनहॅटनमधील २३१ पूर्व ४७व्या रस्त्यावरील इमारतीच्या पाचव्या मजल्यावर तो १९६४ ते १९६८ या काळात चालला. औद्योगिक जागेचे एकाच कल्पनेभोवती केलेले रूपांतर म्हणून तो प्रसिद्ध आहे.

पार्श्वभूमी

मराठीत 'लॉफ्ट' म्हणजे घरातील माळा. न्यूयॉर्कमध्ये मात्र हा शब्द कारखान्याच्या किंवा गोदामाच्या इमारतीतील, आडभिंती नसलेल्या प्रशस्त मजल्यासाठी वापरतात. उद्योग शहराबाहेर जाऊ लागल्यावर रिकाम्या पडलेल्या अशा जागा कलावंतांना कमी भाड्यात मिळू लागल्या. वॉरहॉलने घेतलेल्या मजल्यावर पूर्वी टोप्यांचा कारखाना होता. जागा सुमारे ५० फूट रुंद व १०० फूट लांब होती. तिच्या भिंतींची पडझड झाली होती.

रूपांतर

रंगभूमीवर प्रकाशयोजना करणारा बिली नेम (मूळ नाव विल्यम लिनिच, १९४०–२०१६) हा वॉरहॉलचा मित्र होता. त्याने आपले राहते घर चंदेरी वर्खाने मढवले होते. ते पाहून वॉरहॉलने नव्या जागेलाही तेच रूप देण्यास त्याला सांगितले. १९६४ च्या आरंभी नेमने भिंती व नळांवर ॲल्युमिनियमचा वर्ख चिकटवला, फुटक्या आरशांचे तुकडे लावले आणि उरलेल्या वस्तूंवर, अगदी शौचकूपावरही, चंदेरी रंग फवारला. वर्खामुळे भिंतींची दुरवस्था झाकली गेली. चंदेरी रंगात अंतराळयुगाचे भविष्य आणि जुन्या चित्रपटांचा रुपेरी पडदा दोन्ही सामावतात, असे वॉरहॉलने 'पॉपिझम' (१९८०) या आठवणींच्या पुस्तकात सुचवले आहे.

वॉरहॉल स्वतः लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर आईसह राहत असे. फॅक्टरीत मुक्काम नेमचा होता. तेथील एका स्वच्छतागृहाची त्याने छायाचित्रणासाठी अंधारखोली केली. रस्त्यावर टाकून दिलेला एक कोचही त्याने उचलून आणला. 'काउच' (१९६४) हा वॉरहॉलचा चित्रपट त्याच कोचावर चित्रित झाला.

उपयोग

'ब्रिलो' खोक्यांची शिल्पे १९६४ मध्ये येथेच तयार झाली. 'स्क्रीन टेस्ट' या मूक चित्रफितींपैकी अनेक येथे चित्रित झाल्या, तर 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा वाद्यवृंद येथे सराव करत असे. मित्र, नट, कवी आणि अनोळखी पाहुणे यांना येथे सहज प्रवेश मिळे.

स्थलांतर

इमारत पाडली जाणार असल्याने १९६८ मध्ये स्टुडिओ ३३ युनियन स्क्वेअर वेस्ट येथे हलला. तेथे ३ जून १९६८ रोजी व्हॅलरी सोलानास हिने वॉरहॉलवर गोळ्या झाडल्या. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर निर्बंध आले आणि पूर्वीचा मोकळेपणा संपला. नेम काही काळ नव्या जागेतील अंधारखोलीतच राहिला व १९७० मध्ये निघून गेला.

महत्त्व

मूळ इमारत आता अस्तित्वात नाही. त्यामुळे चंदेरी रूपाची ओळख प्रामुख्याने छायाचित्रांतून होते. त्यांतील बरीचशी, वॉरहॉलने दिलेल्या कॅमेऱ्याने, स्वतः नेमनेच काढली होती. स्टॉकहोममधील मॉडर्ना म्युझीट या संग्रहालयाने १९६८ च्या वॉरहॉल प्रदर्शनाच्या पुस्तकात त्याची छायाचित्रे छापली. फॅक्टरी वॉरहॉलच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिची सजावट आणि तिची दृश्य नोंद या दोहोंमागे प्रामुख्याने नेमचे काम आहे.