कॉम्प्रेसर घेताना एचपी नाही, हवा मोजा



तुरीची आवक सुरू व्हायच्या आत आपल्या मिनी डाळ मिलला कलर सॉर्टर (सगळे ‘सॉर्टेक्स’ म्हणतात तो) जोडायचा विचार बरेच जण करत आहेत. काहींनी कोटेशनचे फोटो ऑफिसला पाठवलेत. सॉर्टरची चौकशी सगळ्यांनी बारकाईने केली आहे, कॅमेरे किती, च्यूट किती, सगळं. पण कॉम्प्रेसरच्या ओळीत फक्त ‘१० एचपी, ५०० लिटर टाकी’ एवढंच लिहिलेलं. आजचा मेसेज त्या एका ओळीसाठी. जरा मोठा आहे, पण ॲडव्हान्स द्यायच्या आधी वाचा.

कॅमेऱ्याला डागी दाणा दिसला की सॉर्टरमधला छोटा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवेचा फटका त्या दाण्याला बाजूला उडवतो. हवा कमी पडली की फटका कमजोर पडतो आणि डागी दाणा चांगल्या डाळीत जातो. म्हणजे लाखोंचं मशीन शेवटी कॉम्प्रेसरच्या जिवावर चालतं.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाचं हेच झालं. त्यांच्या सॉर्टरला ३५ सीएफएम हवा लागत होती. विक्रेत्याने १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर दिला, कागदावर ४२ सीएफएम. हिशोब बरोबर दिसतो ना? पण ४२ हा पिस्टनच्या आकारावरून काढलेला आकडा होता. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या साधारण ७० ते ८० टक्के असते, म्हणजे ३१-३२. कॉम्प्रेसर सकाळपासून बंदच होईना, हेड तापलं, गरम हवेबरोबर पाणी आणि तेल सॉर्टरपर्यंत गेलं, व्हॉल्व्ह चिकटले. माल व्यापाऱ्याकडून परत आला आणि ऐन हंगामात मिल बंद राहिली.

हे बोअरच्या भाषेत समजून घ्या. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते, आपण बोअरला दोन इंची पाणी म्हणतो तसं. बार म्हणजे दाब. एचपी ही फक्त मोटरची ताकद, आणि टाकी म्हणजे साठवण. बोअरला पाणी कमी असेल तर टाकी कितीही मोठी बांधा, दुपारपर्यंत रिकामी होणारच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यामुळे ‘टाकी मोठी देतो’ या बोलण्यावर भुलू नका.

कोटेशनमध्ये *एफएडी* हा शब्द लिहून मागा. एफएडी म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा. ती किती बारला मिळते तेही लिहून घ्या. ‘आयएसओ १२१७ प्रमाणे एफएडी’ असं लेखी देणारा विक्रेता निदान काय विकतोय ते जाणतो. तोंडी आकडा धरू नका.

आता तुमचा हिशोब. सॉर्टरच्या पुस्तिकेतली हवेची गरज घ्या, समजा ३५. साफसफाईची एअर गन चालवणार असाल तर ८ मिळवा, झाले ४३. गळती आणि पुढची झीज धरून त्यावर २०-२५ टक्के, म्हणजे ५२ ते ५४. ७ बारला एका एचपीमागे ढोबळमानाने ४ सीएफएम मिळतात. म्हणजे १३-१४ एचपी, बाजारात मिळेल १५ एचपी. आणखी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. माल जितका डागी, तितके फटके जास्त आणि हवाही जास्त. काढणीच्या वेळी पाऊस लागलेल्या वर्षी नेमकी तेव्हाच हवा कमी पडते. हिशोब खराब मालाचा धरा.

पिस्टन की स्क्रू? पिस्टन स्वस्त आहे आणि गावातला मेकॅनिकही तो खोलू शकतो, पण त्याला दम खाऊ द्यावा लागतो. तासातली ४० मिनिटं चालला, बाकी थांबला, तर टिकतो. सॉर्टरला दिवसभर सलग हवा लागते, तिथे आमचं मत स्क्रूच. मात्र गरजेपेक्षा फार मोठा स्क्रू घेऊ नका. काम कमी असलं तर तो पुरेसा तापत नाही, हवेतलं पाणी तेलात उतरतं, आणि रिकामा फिरतानाही तो बरीच वीज खातो.

ट्रॅक्टरच्या टायरात हवा, रेडिएटर आणि फिल्टर झटकणं एवढंच काम असेल तर यातलं काहीच नको. सिंगल फेजवरचा २ एचपी पिस्टन भरपूर झाला.

पाण्याचं बघा. हवा दाबली आणि थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होते, पावसाळ्यात तर विचारू नका. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडा. सॉर्टरसाठी ड्रायर आणि तेल अडवणारा बारीक फिल्टर लागतोच, ही हवा थेट डाळीला लागते. ‘ड्रायर नंतर बघू’ म्हणणारे नंतर व्हॉल्व्ह बदलत बसतात. आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात ड्रायरची ताकद उतरते, म्हणून तो एक साइज मोठा घ्या. कॉम्प्रेसर मिलच्या भुश्यात ठेवू नका, बाजूला हवेशीर खोली करा.

वीज. १५ एचपी पूर्ण लोडवर तासाला १२-१३ युनिट खातो. दहा तासांचे किती होतात ते तुमच्या बिलातल्या दराने काढा. दाब गरजेपुरताच ठेवा, प्रत्येक जादा बारला ६-७ टक्के वीज जास्त लागते. दीड मिलिमीटरच्या छिद्रातून ५-६ सीएफएम हवा जाते, म्हणजे दिवसाचे दहा-बारा युनिट फुकट. संध्याकाळी टाकी भरून मशीनचा कॉक बंद करा आणि काटा किती वेळात खाली येतो ते बघा. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. शेतीपंपाच्या कनेक्शनवर हे चालवता येत नाही. मिलचं कनेक्शन असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज कॉम्प्रेसर यायच्या आधी करा.

आणि हे नक्की पाळा. घरी पडलेला पीव्हीसी पाइप हवेच्या लाइनला *अजिबात* लावू नका. पाण्यात तो नुसता फुटतो, दाबलेल्या हवेत त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. जीआय किंवा ॲल्युमिनियमचाच पाइप वापरा. जुनी टाकी घेताय? आतून गंजलेली टाकी बाहेरून रंगवली की नवी दिसते, म्हणून पाणी भरून दाबाची चाचणी केल्याचा कागद मागा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून कुणी बंद करू नये. एअर गनने अंगावरची धूळ झटकायची सवय मजुरांना लागू देऊ नका, डोळा किंवा कान जाऊ शकतो.

कोटेशन आलं असेल तर सॉर्टरच्या पुस्तिकेतलं हवेच्या गरजेचं पान आणि कॉम्प्रेसरची ओळ, दोन्हींचे फोटो ऑफिसच्या नंबरवर पाठवा, ग्रुपवर टाकू नका. आकडे जुळतात का ते आपण मिळून बघू.

आपली कंपनी, प्रक्रिया विभाग