होल कुठे खणायचा?

2025च्या एप्रिलमधली ती रात्र. शिवडीच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत दिवा होता. अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. तिकडे रविवारची दुपार कलत होती, इकडे सोमवार उजाडायचा होता. चहाचं पातेलं दुसऱ्यांदा चढलं होतं. रॉरी मॅकिलरॉय तेराव्या होलवर आला तेव्हा आघाडी त्याच्याकडे होती. 545 यार्डांचा पार-पाच होल. दुसऱ्या फटक्यात थेट ग्रीन गाठायचा मोह त्याने टाळला, चेंडू ग्रीनपुढच्या ओढ्याच्या अलीकडे ठेवला आणि शंभर यार्डांच्या आतून हातात वेज घेऊन उभा राहिला. एवढा फटका तो डोळे मिटूनही मारेल, असं आम्ही म्हणतोय तोवर चेंडू ग्रीनच्या कडेवरून घरंगळत ओढ्यात गेला. पाचाच्या जागी सात.

खोलीत एकच गलका झाला. आघाडी असताना सेफ खेळायचं की नाही, यावर दोन तट पडले. आमच्यातला एक जण तरुणपणी चेंबूरच्या गोल्फ मैदानावर कॅडी होता, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहायचा. तो इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, त्याला सेफ वाटली ती जागा मुळात सेफ नाहीच. तिथे त्याला होलनेच उभं केलं."

मॅकिलरॉय पुढे जस्टिन रोझविरुद्धच्या प्लेऑफमध्ये जिंकला आणि चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा सहावा गोल्फपटू ठरला. माझ्या डोक्यात मात्र मित्राचं ते वाक्य राहिलं. हा लेख त्या वाक्यामागे गेल्याचा वृत्तांत आहे.

तो तेरावा होल ज्यांनी आखला ते दोघे म्हणजे गोल्फपटू बॉबी जोन्स आणि अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. मॅकेन्झी पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात त्याने पाहिलं की शत्रूचे खंदक जमिनीत असे मिसळलेले असतात की अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. पुढे बंकर खणताना त्याने तीच नजर वापरली. 1920मध्ये त्याने मैदान आखण्याची तेरा तत्त्वं पुस्तकरूपाने मांडली. त्यातली दोन या लेखापुरती महत्त्वाची आहेत. पहिलं असं की अडथळा ओलांडण्याचं आव्हान असावं, पण ज्याच्या अंगात तेवढा जोर नाही त्याला एक फटका जास्त खर्चून जाता येईल अशी दुसरी वाटही असावी. दुसरं अगदी व्यवहारी आहे. हरवलेला चेंडू शोधत बसण्याचा ताप खेळणाऱ्याला नसावा. ऑगस्टाची पहिली स्पर्धा 1934च्या मार्चमध्ये झाली. मॅकेन्झी त्याच वर्षी जानेवारीत वारला. आपल्या मैदानावरची स्पर्धा त्याला पाहायला मिळाली नाही.

ऑगस्टाची जमीन पूर्वी रोपवाटिका होती, म्हणून तिथल्या प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे. हे वाचताना मला आमची शिवडी आठवली. इथेही एकोणिसाव्या शतकात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. 1865मध्ये पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डने ती जागा घेतली आणि तिथे दफनभूमी झाली. तिकडच्या रोपवाटिकेचं मैदान झालं, इकडच्या बागेत थडगी आली. मुंबईत मोकळ्या जमिनीचं भविष्य नेहमी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

गोल्फ या शहराला नवा नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा क्लब त्यानंतर तेरा वर्षांनी, 1842मध्ये निघाला. तो क्लब पुढे राहिला नाही, त्याचं नाव मात्र स्कॉटलंडमध्ये टिकलं. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबच्या वसंतातल्या स्पर्धेत जी पदकं ठेवलेली आहेत, त्यांतल्या एकाचं नाव 'बॉम्बे मेडल' आहे. ज्या गावाला गोल्फची पंढरी म्हणतात, तिथे मुंबईच्या नावाचं पदक आहे आणि मुंबईकरांना त्याचा पत्ता नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आज शहराच्या हद्दीत मैदानं मोजकी. कुलाब्याला नौदलाच्या वस्तीत समुद्राला लागून यू. एस. क्लबचं. हाजीअलीच्या मागे विलिंग्डन, 1918चं. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता त्या काळात दोघांनाही दार उघडं ठेवणारा क्लब म्हणून तो निघाला. आणि चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, 1927चा. अठरा होलांच्या पुऱ्या मैदानाला साधारण शंभर ते दीडशे एकर लागतात. शंभर एकर म्हणजे काय, हे दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. त्यात आपला पाऊस. सव्वादोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाणी चार महिन्यांत कोसळतं. उन्हाळ्यात कोरडं असलेलं मैदान आणि जुलैमधलं तेच मैदान हे दोन वेगळे खेळ असतात. जूनआधी चेंडू पडल्यावर तीस-चाळीस यार्ड धावतो, पावसात पडला तिथेच रुततो. बॅगेतून कुठला क्लब, म्हणजे कुठली काठी, काढायची हे मग पुस्तकी अंतरावर ठरत नाही. ते कॅडी सांगतो.

शिवडीच्या किल्ल्यावरून पूर्वेला पाहिलं की खाजण, त्यात हिवाळ्यात उतरणारे रोहित, त्यांच्यावरून गेलेला अटल सेतू आणि पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. चेंबूर तिथेच, पाण्यापलीकडे. हार्बरच्या लोकलने मात्र वडाळा, गुरु तेग बहादूर नगर, चुनाभट्टी, कुर्ला, टिळकनगर असा वळसा पडतो. एका रविवारी मित्राला घेऊन मी तो वळसा घातला. मैदान बाहेरूनच पाहिलं. पाहायच्या होत्या त्या आसपासच्या गल्ल्या.

चेंबूरच्या कॅडींनी या गल्ल्यांत आपला गोल्फ उभा केला. गेल्या दोन दशकांत त्याच्यावर परदेशी वर्तमानपत्रांनी लिहिलं, तोमाश गुदझोवाती या पोलिश छायाचित्रकाराने त्याची छायाचित्रं काढली. कुणी त्याला स्लम गोल्फ म्हटलं, कुणी गल्ली गोल्फ. बांधकामाची लोखंडी सळई तापवून, ठोकून, टोकाला वाकवून क्लब करायचा. चेंडू प्लॅस्टिकचा. जमिनीत होल खणायचा आणि घरांच्या मधून, गटारावरून, दोरीवरच्या कपड्यांखालून तिथवर पोचायचं. दिवसा लांब फटक्याचा महागडा क्लब, ड्रायव्हर, दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि संध्याकाळी आपली सळई काढायची.

बहुतेक बातम्यांचा सूर कौतुकाचा आणि कीव करणारा होता. गरीब मुलं बघा कशी खेळतात, एवढंच त्यात असे. मला ते अपुरं वाटतं. त्या गल्लीत उभं राहून मित्र बोलत होता ते मी वहीत उतरवून घेतलं, आणि मला ती मॅकेन्झीचीच भाषा वाटली. त्याचं म्हणणं असं. होल खणताना आधी ग्रीनची जागा बघायची, सुरुवातीची नाही. थोडा सपाट कोबा कुठे आहे, त्याला उतार कुणीकडे आहे, ते बघायचं. मग तिथून मागे मागे यायचं. सरळ रेषेत पत्र्याचं छप्पर आलं तर उत्तम, कारण ज्याच्या मनगटात जीव आहे तो वरून काढेल. पण डाव्या हाताला बोळ हवाच, म्हणजे लहान पोरगा दोन फटक्यांत वळसा घेऊन येईल. बोळ नसेल तर तो होल वाईट, कारण मग छप्पर पार करण्यात फक्त ताकद मोजली जाते. आणि चेंडू कुणाच्या घरात जाईल अशा दारासमोर होल खणायचा नाही. चेंडू शोधण्यात वेळ जातो आणि त्या घरातल्या मावशी परत खेळू देत नाहीत.

आव्हान, दुसरी वाट, चेंडू न हरवण्याची काळजी. मॅकेन्झीचं पुस्तक त्याने पाहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं दुसऱ्याची बॅग वाहताना एकेका होलवर लोक कुठे फसतात हे त्याने पाहिलं होतं. आखणी त्याला तिथून कळली.

मुळात हा खेळ अडचणीतूनच घडला. सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स झुडपांमधल्या अरुंद पट्ट्यावर होतं. त्याच होलांवरून जायचं आणि त्यांच्यावरूनच परतायचं. फेरी बावीस होलांची असे. 1764मध्ये सुरुवातीच्या चार होलांचे दोन केले, तेव्हा ती अठराची झाली आणि जगाने तोच आकडा प्रमाण मानला. जाणारे आणि येणारे एकाच ग्रीनवर भेटतात अशी सात जोडग्रीन्स तिथे आजही आहेत. फ्लोरिडातल्या सॉग्रासच्या सतराव्या होलची गोष्टही अशीच. मैदानं आखणारा पीट डाय ते मैदान बांधत असताना त्या भागातली चांगली वाळू बाकीच्या होलांसाठी उपसली गेली आणि मोठा खड्डा उरला. त्यात पाणी भरून मधे ग्रीनचं बेट कर, असं त्याची पत्नी अ‍ॅलिस डाय हिने सुचवलं. 137 यार्डांचा तो फटका आज जगातल्या भल्याभल्यांची झोप उडवतो. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी याच सॉग्रासवर 2022च्या प्लेयर्स स्पर्धेत कॅमेरॉन स्मिथपेक्षा अवघ्या एका फटक्याने मागे राहिला.

अरुंद जागेत वाढलेला खेळ कसा असतो, याचा पुरावा आपल्याकडे आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानावर दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे. लांब मारणारे तिथे ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. 2008ची इंडियन मास्टर्स तिथे शिवशंकर प्रसाद चौरासियाने जिंकली. त्याचे वडील रॉयल कलकत्त्यात मैदानाची निगा राखत. त्याचा फटका लांब नाही, पण सरळ आहे, आणि ग्रीनच्या आसपास त्याचा हात सोन्याचा आहे. त्याच दिल्लीचा अली शेर कॅडी होता. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय तोच, साल 1991. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला, तेव्हा आमच्या चाळीत मराठी आडनाव पडद्यावर पाहून टाळ्या पडल्या होत्या. तो कॅडीच्या वाटेने आलेला नाही. चेंबूरच्या वाटेने आलेलं मराठी नाव मला त्या पडद्यावर पाहायचं आहे.

त्यासाठी सर्वांना खुली जागा हवी. सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर आहे. रविवारी तिथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी फिरायला येतात, कुत्री आणतात, मुलं बागडतात. सिडकोने खारघरला सर्वांसाठी मैदान केलं, हे चांगलं पाऊल आहे. शिवडीच्या बंदराच्या जमिनीवर अठरा होल मागणं मला पटत नाही. खाजण आणि रोहित आधी. पण चारदोन एकरांची सरावाची जाळी आणि एक पटिंग ग्रीन, जिथे कॅडींची मुलं दहा रुपयांत बादलीभर चेंडू मारू शकतील, एवढं या जमिनीतून निघू शकतं. बंदराच्या जमिनीचा आराखडा करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट घाईची आहे. चेंबूरच्या वस्त्यांत पुनर्विकास येतो आहे, आमच्या शिवडीतही येतो आहे. लोकांना पक्की घरं मिळालीच पाहिजेत. पण टॉवर उभा राहिला की गल्ली जाते, आणि गल्लीबरोबर तिच्यातले होल जातात. ऑगस्टाच्या प्रत्येक उताराचा नकाशा छापलेला आहे, या होलांचा एकही नाही. मी आणि माझ्या मित्राने त्या रविवारी वहीत चार होल काढले. पावलांनी अंतर मोजलं, गटार कुठे, छप्पर कुठे, बोळ कुठे ते लिहिलं. तुमच्या घरात कुणी चेंबूरला, विलिंग्डनला, पुण्याला वा नाशकात कॅडी असेल, तर या दिवाळीत त्याच्याशेजारी कागद घेऊन बसा आणि त्याने खेळलेल्या गल्लीचा नकाशा काढून घ्या. होल कुणी खणला, तेही कोपऱ्यात लिहा.