पोटातले पाणी आणि बाटलीतले अल्ब्युमिन

दहावीच्या वर्गात परासरण शिकवून झाले आणि एका मुलाने आमच्या शिक्षकमित्राला विचारले, "सर, काकांच्या पोटात पाणी झालंय. ते काढायचं म्हणून डॉक्टरांनी अल्ब्युमिनच्या चार बाटल्या आणायला सांगितल्यात. पाणी काढायचंच आहे, तर वरून बाटल्या कशाला?" एकेका बाटलीला काही हजार रुपये पडतात, तेव्हा घरातल्यांना हा प्रश्न पडणारच. मित्राने तो आमच्याकडे पाठवला.

काकांना यकृताचा सिरोसिस आहे. दारू, ब आणि क प्रकारची कावीळ, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी ही त्याची नेहमीची कारणे. (सिरोसिस म्हटले की दारू, असे गृहीत धरून रुग्णाकडे पाहणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे.) वर्षानुवर्षे पेशी मरत राहतात, त्यांच्या जागी तंतूंचे वण पडतात आणि मऊ यकृत कडक, गाठाळ होते.

अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतातच तयार होते. निरोगी प्रौढ माणसात रोज सुमारे १० ते १५ ग्रॅम. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते ३.५ ते ५ ग्रॅम असते. ५८५ अमिनो आम्लांचा हा रेणू मोठा असल्यामुळे केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहजी बाहेर पडत नाही. मीठ आणि पाणी मात्र आरपार जातात. चाळणीतून पीठ गळते, गहू वर राहतात, तसेच. आत राहिलेले अल्ब्युमिन पाण्याला धरून ठेवते. केशवाहिनीत रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो आणि प्रथिने ते आत ओढतात, हा हिशेब स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडला.

यावरून वाटेल की यकृत बिघडले, अल्ब्युमिन घटले, पाणी झिरपले, झाला जलोदर. आपण वर्गात बहुधा एवढेच सांगतो. पण हे अर्धेच उत्तर आहे. आतड्यांकडून येणारे रक्त कडक यकृतातून सहज वाहू शकत नाही, त्यामुळे मागच्या शिरांतला दाब वाढतो. त्या भागातल्या रोहिण्या सैल पडून रुंदावतात आणि पुष्कळ रक्त तिथेच राहते. शरीरात रक्त कमी नसते, पण मूत्रपिंडांना ते कमी पोचते. मूत्रपिंडांना वाटते, रक्तस्राव झाला असावा! मग ती मीठ आणि पाणी राखून ठेवू लागतात. राखलेले पाणी पुन्हा पोटात झिरपते. लोणचे-पापड बंद करायला सांगतात आणि लघवी वाढवणारी औषधे देतात, ती यासाठी.

एवढ्याने भागले नाही, की सुईने पाणी काढावे लागते. एका वेळी आठ-दहा लिटरसुद्धा निघते. रुग्णाला श्वास मोकळा होतो, पण पुढच्या काही दिवसांत रोहिण्या आणखी सैल पडतात आणि मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त आणखी घटते. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी १९८८ साली १०५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांचे पाणी काढले, निम्म्यांना सोबत अल्ब्युमिन दिले. ज्यांना दिले नाही, त्यांच्यात मूत्रपिंडे बिघडण्याचे आणि रक्तातले सोडियम उतरण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. पाच लिटरांहून अधिक पाणी काढले तर काढलेल्या दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावे, असा आजचा प्रघात आहे. दहा लिटरांना ८० ग्रॅम. २० टक्के द्रावणाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असते. चार बाटल्यांचा हिशेब इथे जुळतो. एक ग्रॅम अल्ब्युमिन साधारण १८ मिलिलिटर पाणी रक्तात धरून ठेवते. सलाइन स्वस्त आहे खरे, पण त्यातले मीठ-पाणी चाळणीतून जाऊन पुन्हा पोटातच साठेल.

पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला तर अल्ब्युमिनचे मोल आणखी वाढते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासात अशा १२६ रुग्णांपैकी ज्यांना फक्त प्रतिजैविक दिले, त्यांतले २९ टक्के रुग्णालयात दगावले. प्रतिजैविकाबरोबर अल्ब्युमिनही मिळालेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते.

मग ज्याचे अल्ब्युमिन कमी, त्याला ते द्यावेच का? इथे आमचे उत्तर सावध आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ७७७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. रोज अल्ब्युमिन देऊन रक्तातला आकडा ३ ग्रॅमपर्यंत चढवला, पण संसर्ग, मूत्रपिंडांचा बिघाड किंवा मृत्यू काही कमी झाले नाहीत. उलट काहींच्या फुप्फुसात पाणी झाले. याउलट २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात, घरी राहणाऱ्या जलोदराच्या रुग्णांना आठवड्याला ४० ग्रॅम दीर्घकाळ दिले, तेव्हा दीड वर्षानंतर ७७ टक्के हयात होते. न दिलेल्यांत ६६ टक्के. हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र केवळ अहवालातला आकडा 'नॉर्मल' दिसावा म्हणून बाटल्या चढवण्याला आधार नाही, हे आम्हाला स्पष्ट दिसते.

मुलाने आणखी एक विचारले होते. अंड्यातही अल्ब्युमिन असते, मग काकांना अंडीच का देऊ नयेत? जरूर द्यावीत. सिरोसिसच्या रुग्णाला प्रथिने हवीच असतात. पण अंड्यातले अल्ब्युमिन हे वेगळे प्रथिन आहे आणि ते पोटात पचून अमिनो आम्ले होते. त्यांपासून माणसाचे अल्ब्युमिन बनवायचे काम पुन्हा त्या थकलेल्या यकृताकडेच येते.

बाटलीतले अल्ब्युमिन येते ते माणसांच्या रक्तातून. रक्तद्रवातून थंड अल्कोहोलच्या साहाय्याने ते वेगळे करण्याची रीत हार्वर्डच्या एडविन कोन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बसवली, आणि डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या भाजलेल्या सैनिकांना ते दिले गेले. विषाणू मरावेत म्हणून ते ६० अंश सेल्सिअसला दहा तास तापवतात. एका रक्तदानाच्या ३५० मिलिलिटर रक्तात दोनशेच्या आतबाहेर रक्तद्रव, म्हणजे सात-आठ ग्रॅम अल्ब्युमिन. काकांच्या चार बाटल्यांत दहा-अकरा जणांचे रक्तदान आहे.