सतरा वर्षांच्या मुलीच्या दोन अटी

आमच्या घरांतून चित्रपटाबद्दल एकमत कधीच नव्हते, आजही नाही. कुणी आवडीने पाहतो, कुणी त्याचे नावही काढू देत नाही. तो वाद आज आम्हांला उकरून काढायचा नाही. वहिदा रेहमान यांच्याविषयी आम्ही लिहितो आहोत ते वेगळ्या कारणाने. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आमच्या प्रत्येक मुलीला आणि तिच्या अम्मीला ठाऊक असावा, असे आम्हांला वाटते.

वहिदाजींचा जन्म 3 फेब्रुवारी 1938 रोजी तमिळनाडूतील चेंगलपट्टूचा. घर दख्खनी मुसलमानांचे. वालिद मोहम्मद अब्दुर रहमान सरकारी अधिकारी. बदलीच्या नोकरीमुळे बिऱ्हाड दक्षिणेतल्या गावोगावी फिरत असे. घरात मुलीच मुली. वहिदा सर्वांत धाकट्या. त्या आणि त्यांची बहीण भरतनाट्यम शिकू लागल्या तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली. मुसलमानाच्या मुली नाचणार? त्यावर वालिदांचे उत्तर वहिदाजींनी पुढे सांगितले आहे: पेशा वाईट नसतो, माणूस तो कसा करतो यावर सारे असते.

मुलीला डॉक्टर व्हायचे होते. पण ती तेरा-चौदा वर्षांची असतानाच वालिदांचे छत्र हरपले. घरचा आधार गेला, अम्मीची तब्येतही बरी नसे. शिक्षण मागे पडले आणि जी कला शौक म्हणून शिकली, तीच रोजीरोटीचे साधन झाली. 1955 मध्ये ‘रोजुलु मारायी’ या तेलुगू चित्रपटात त्यांचे एक नृत्य होते. ते इतके गाजले की लोक या मुलीला पाहायला गर्दी करू लागले. त्याच सुमारास गुरुदत्त हैदराबादला आले होते. त्यांनी या मुलीला पाहिले आणि पुढे मुंबईला बोलावून घेतले.

आता तो प्रसंग. तीन वर्षांचा करारनामा समोर ठेवलेला. मुलगी सतरा वर्षांची, म्हणजे सही अम्मीने करायची. दिग्दर्शक राज खोसला म्हणाले, नाव बदलावे लागेल. त्यात नवल नव्हते. यूसुफ खान यांचे दिलीपकुमार झाले होते, मुमताज जहाँ यांची मधुबाला, महजबीन यांची मीनाकुमारी. एवढी मोठी माणसे बदलतात, तर कालची ही पोर नाही कशी म्हणते? पण ती नाही म्हणाली. हे नाव माझ्या आईवडिलांनी ठेवले आहे, ते मी बदलणार नाही, असे तिने सांगितले.

नावाचा तिढा सुटतो न सुटतो तोच तिने दुसरी अट पुढे केली. मला पसंत नसलेला पोशाख मी घालणार नाही, आणि हे कागदावर लिहून हवे. नवख्या मुलीने अटी घालाव्यात, हे तिथल्या मंडळींना रुचले नाही. अम्मी मात्र मुलीच्या पाठीशी होत्या. अखेर ते कलम करारात आले आणि मगच सही झाली. वालिद नाहीत, हातात पैसा नाही, शहर परके, समोर नावाजलेली माणसे. मुलगी गप्प बसली असती तर तिला कुणी दोष दिला नसता.

अटी घातल्या म्हणून काम थांबले का? ‘सी.आय.डी.’ 1956 मध्ये आला, ‘प्यासा’ 1957 मध्ये. मग ‘कागज के फूल’, आणि लखनऊच्या मुस्लिम घरांतली कहाणी सांगणारा ‘चौदहवी का चाँद’. ‘गाईड’मधली रोझी नवऱ्याला सोडून नृत्याची वाट धरते. त्या काळच्या नायिकेसाठी ही जोखमीची भूमिका होती. त्यांनी ती केली आणि फिल्मफेअर पारितोषिक मिळवले. ‘नीलकमल’साठी ते पुन्हा मिळाले. ‘रेश्मा और शेरा’साठी राष्ट्रीय पुरस्कार, 1972 मध्ये पद्मश्री, 2011 मध्ये पद्मभूषण.

1974 मध्ये ‘शगून’मधले सहकलाकार कमलजीत यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या बंगळूरजवळच्या शेतावर राहिल्या आणि मुलांच्या संगोपनात रमल्या. 2000 मध्ये पती वारले, तेव्हा पुन्हा मुंबईला आल्या आणि ‘रंग दे बसंती’, ‘दिल्ली 6’ अशा चित्रपटांतून वडीलधाऱ्या भूमिका करू लागल्या. वय लपवले नाही, पांढरे केसही नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. तेव्हा दिल्लीत पुकारले गेले ते नाव चेंगलपट्टूच्या घरात आईवडिलांनी ठेवलेले होते.

आमच्या मुली आज शिकतात, नोकरीला जातात. नेमणुकीच्या कागदावर सही करताना किती जणी तो पुरता वाचतात? निकाहचेच घ्या. निकाहनाम्यात शरिअतच्या चौकटीतल्या शर्ती लिहून घेता येतात. मेहर किती आणि केव्हा, शिक्षण पुढे चालू राहील की नाही, नोकरी करता येईल की नाही, हे आधीच बोलून घेता येते. पण मुलीने तोंड उघडले की, “लोक काय म्हणतील, स्थळ हातचे जाईल,” असे म्हणून आपणच तिला गप्प करतो. मग पुढे कुरबूर झाली की तीच मुलगी माहेरी येऊन रडते, आणि आपण तिला सब्र करायला सांगतो.

सब्र मोठी गोष्ट आहे. पण जे सहीआधी विचारता आले असते, त्याची भरपाई सब्राने का करावी? त्या दिवशी मुलीची अम्मी सहीसाठी कलम हाती घेऊनही थांबली, मुलीचे म्हणणे कागदावर येईपर्यंत. आपल्या घरी असा कागद पुढे येईल तेव्हा आपणही तेवढे थांबावे, एवढेच आमचे सांगणे आहे.