सुई न टोचता तळपायाची तपासणी

साखरेचा आजार जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. खिळा टोचला, चप्पल चावली तरी कळत नाही. घाम कमी येतो, तळपाय कोरडा पडतो, भेगा पडतात. भेगेची जखम होते आणि ती चिघळली तर पाय कापण्याची वेळ येते. म्हणून कातडीतला ओलावा कमी होतोय हे आधीच कळलेले बरे.

मेक्सिकोतील लिओन शहरातल्या संशोधकांनी यासाठी टेराहर्ट्झ लहरी वापरल्या. त्यांचे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. या लहरी मायक्रोवेव्ह आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या असतात. पाणी त्यांना चटकन शोषून घेते. तळपायावर लहर सोडली की कातडीत पाणी किती, त्याप्रमाणे परत येणारी लहर बदलते. मधुमेहींच्या तळपायात पाणी कमी आढळले. यात सुई नाही, रक्त काढणे नाही, एक्स-रेसारखा किरणोत्सर्गाचा धोकाही नाही. मात्र ही लहर कातडीत फार खोल जात नाही, आणि हे यंत्र अजून आपल्या दवाखान्यांत आलेले नाही.

तोवर आपले डोळे हेच यंत्र. रोज रात्री आरसा धरून तळपाय पाहा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. अनवाणी फिरू नका. पाय शेकू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. फोड किंवा जखम दिसली तर दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.