विश्लेषण : वसमतच्या हळदीला जीआय मिळाले, पेटंट का नाही?

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र हे पेटंट नव्हे.

फरक काय?
पेटंट नव्या शोधाला २० वर्षांसाठी मिळते. जीआय हा त्या भागातील उत्पादकांचा सामूहिक हक्क. त्याची नोंदणी १० वर्षांची असते. नूतनीकरण करता येते.

हळदीचे पेटंट कोणी घेतले होते?
जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांना मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. भारतात पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) नुसार पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही.

शेतकऱ्याने काय करावे?
मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक पोत्यावर ते छापता येते, असे नाही. त्यासाठी उत्पादकाने जीआय रजिस्ट्रीकडे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते. ती नसेल, तर हळद वसमतच्या शेतातली असूनही मानांकनाचा हक्क सांगता येत नाही.